गार पाणी कोणी बंद केलं

१२ फेब्रुवारी

कारखान्याच्या अपघाताचा अहवाल इथली केमिस्ट म्हणून मला लिहायचा आहे, आणि धाकटा भाऊ म्हणतो, मिस्त्रीची चूक लिही. म्हणून ही वही. बोलू कोणाशी? कारखाना भावाचा, घर आईचं, आणि आई भावाची.

एरवी आम्ही ॲक्रिलिकचे पातळ पत्रे ओततो. काल पहिल्यांदाच हातभर जाडीचा ठोकळा ओतला. दुपारी काचेचा साचा फुटला. काचा आणि आतला ॲक्रिलिकचा उकळता पाक मिस्त्रीच्या तोंडावर. उजवा डोळा गेला. डाव्याचं डॉक्टर काही सांगत नाहीत.

१३ फेब्रुवारी

दवाखान्यात जाऊन आले. मिस्त्री पट्ट्यांच्या आतून म्हणाला, "बाई, साच्याभोवतीचं गार पाणी मी नाही बंद केलं. साहेबांनी केलं. मी परत सोडायला गेलो होतो."

बायको उशाशी बसून होती. मला बघून तोंड फिरवलं तिने. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

१४ फेब्रुवारी

धाकट्याला विचारलं. नाकारलं नाही त्याने! पाक मधासारखा घट्ट झाला होता, म्हणजे काम मंदावलं, संपत आलं — मग पाणी कशाला वाहू द्यायचं, असं वाटलं म्हणे.

घट्ट झाला म्हणजेच धोका. पातळ पाकात रेणूंच्या वाढत्या साखळ्यांची टोकं एकमेकांना गाठतात आणि दोघींची वाढ तिथेच संपते. पाक घट्ट झाला की त्या लांबलचक साखळ्या जागीच अडकतात, भेटच होत नाही. छोटे रेणू मात्र फटींतून येतच राहतात. थांबणं थांबलं, वाढणं चालू! प्रत्येक जोडणीला उष्णता सुटते, म्हणून मंदावण्याऐवजी सगळं भडकतं. पत्र्यातून उष्णता निघून जाते. ठोकळ्याच्या पोटात कोंडून राहते. गार पाणी नेमकं तेव्हाच हवं.

"हे तुला कळतं, ताई. मला कसं कळणार?"

खरं आहे. पण विचारता येतं. मी शेजारच्या खोलीत होते. दार उघडं होतं.

१६ फेब्रुवारी

जेवताना धाकट्याने टोमणा मारला — चार बुकं शिकली ती भावाला तुरुंगात धाडायला. मी म्हटलं, तुलाही शिकायला कोणी बांधून ठेवलं नव्हतं.

आई म्हणाली, "एकच भाऊ आहे तुला."

"तिलाही नवरा एकच आहे, आई."

त्यावर कोणी जेवलं नाही. ताटं मीच उचलली.

१७ फेब्रुवारी

अहवाल लिहून झाला. पाणी कोणी बंद केलं, ते सरळ लिहिलं. धाकट्याला वाचून दाखवला. 'बरं' म्हणून तो उठून गेला. मला त्याचंच नवल वाटतंय.

१८ फेब्रुवारी

मिस्त्रीचा डावा डोळाही गेला.

संध्याकाळी धाकटा दवाखान्यात जाऊन आला. आईला बरं वाटलं — शेवटी माणुसकी आहे म्हणाली. मलाही वाटलं.

२० फेब्रुवारी

सरकारी तपासनीसांना सुपूर्द केलं: माझा अहवाल, सहीनिशी. फुटलेल्या ठोकळ्याचा तुकडा, आत पाक उकळल्याचे बुडबुडेच बुडबुडे.

धाकट्याने सुपूर्द केलं: मिस्त्रीचा जबाब, 'पाणी मीच बंद केलं'. अक्षर धाकट्याचं. खाली अंगठा.

मिस्त्री सही करायचा. वळणदार.