चौथी खाच

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
लागलो बुवा कामाला! द्रोणागिरीचं गोदाम, आत काचेची थंडगार खोली आणि त्या खोलीचा मी एकटा राजा. जुन्या स्टोरेज पेट्यांचा वेग तपासायचा. एका पेटीत चार खाचा, चार ड्राइव्ह. नेटवर्कवरून मोठी फाईल टाकायची, परत ओढायची आणि तक्त्यात लिहायचं: फाईलचं नाव, आकार, सेकंदाला किती एमबी. संध्याकाळी तक्ता मालकांच्या केबिनच्या दाराखालून आत सरकवायचा. पेट्यांमध्ये गिऱ्हाइकांची माहिती असते, म्हणून मोबाईल गेटवर जमा. आईला फोनवर सांगितलं तर ती रडायलाच लागली. परतूरच्या पोराला आणखी काय हवं?

खोली जासईत, बयाबाईंकडे. माझ्याआधी इथे अभिराम राहायचा, कामही हेच करायचा. मालक धर्मराज सर म्हणाले, तो न सांगता पुण्याला पळाला. बयाबाईंना ते पटत नाही. "सांगून जानारा पोरगा होता तो. बॅग अजून हितंच हाय त्याची," म्हणाल्या.

५ नोव्हेंबर, बुधवार
धड पेटी सेकंदाला एकशे दहा एमबी देते. आज सतरा पेट्या केल्या. नव्याचे नऊ दिवस, माहीत आहे मला!

बाद ड्राइव्ह सर स्वतः घणाने फोडतात. घाव मोजून घालतात, घाई नाही. आज एक तुकडा उडून सिताराम हमालाच्या गालात घुसला. रक्ताची धार लागली. सर हसले आणि पुढची ड्राइव्ह ठेवली. मला ते हसणं आवडलं नाही. संध्याकाळी ते दोन दिवसांसाठी नाशिकला गेले.

६ नोव्हेंबर, गुरुवार
ढिगाच्या तळाशी एक पेटी सापडली, चौथी खाच रिकामी. अशी पेटी मरत नाही. उरलेल्या तीन ड्राइव्ह मिळून चौथीचा हिशेब लावतात आणि सगळं परत देतात, फक्त रडतखडत. हिने अकरा एमबी दिले.

नुसत्या शून्यांची फाईल पेटी दाबून छोटी करते, वेग खोटा येतो, म्हणून मी पेटीतलाच एक व्हिडिओ घेतला. तक्त्यात नीट लिहिलं: कॅमेरा ३, १४ ऑक्टोबर, अडतीस जीबी. तक्ता दाराखालून सरकवला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
फाईल मध्ये कुठे अडकते का बघायला दुपारी व्हिडिओ उघडला.

हीच खोली. माझीच खुर्ची. बयाबाईंकडच्या फोटोतला अभिराम. समोर सर, हातात घण. पहिला घाव मनगटावर. दुसरा गुडघ्यावर. तो खाली कोसळला, उरलेला हात वर करून काहीतरी विनवत होता. तिसरा डोक्यात. सर थांबले नाहीत. ड्राइव्ह फोडतात तसंच, मोजून. मी अकरापर्यंत मोजले आणि कचऱ्याच्या डब्यात ओकलो. शेवटी सरांनी वर कॅमेऱ्याकडे पाहिलं, चित्रण साठवणाऱ्या याच पेटीजवळ आले, चौथ्या खाचेतली लुकलुकणाऱ्या दिव्याची ड्राइव्ह उपसली. त्यांना वाटलं, सगळं तिच्यातच आहे.

पेटीत गिऱ्हाइकांची आधार कार्डं, बँकेचे कागद, विकायला लावून ठेवलेले. अभिरामला ते कळलं असणार.

मग तक्ता आठवला. केबिनला कुलूप. मोजपट्टी दाराखालून घालून पाहिली, कागद लांब गेलाय. हात दाखवून अवलक्षण! माझ्याच अक्षरात, फाईलच्या नावासकट.

सहा वाजले, शटर पाडलं. बयाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात धरला, म्हणाल्या, "पुरावा आन, आपन दोघं चौकीत जाऊ." उद्या फाईल पेनड्राइव्हवर घेऊन जेवणाच्या डब्यातून बाहेर काढायची. सर दुपारी येणार आहेत. त्याआधी.

८ नोव्हेंबर, शनिवार
११.१० — कॉपी लावली. अकरा एमबी. अठ्ठावन्न मिनिटं. धड पेटीला सहा लागली असती.

११.३२ — ३८ टक्के. गेटवर गाडीचा हॉर्न. सर लवकर आले —

११.४० — केबिनचं दार उघडलं. वाकून तक्ता उचलला. वाचतोय.

११.४४ — मागचं शटर पडलं. सितारामला त्याने घरी पाठवलं. मी खोलीची कडी लावली, टेबल आडवं टाकलं. काचच आहे ती. मला मरायचं नाही. आई —

११.५१ — काचेपलीकडे उभा आहे. घण. म्हणतोय, प्रितम, दार उघड, बोलू आपण. हसतोय.

११.५५ — पहिला घाव. तडा वरपासून खालपर्यंत. ७८ टक्के.

एक पेटी न तपासलेल्या ढिगात तळाशी ढकलतोय. तिच्याही चौथ्या खाचेत काही नाही. ही वही तिथे. कॉपी झालीच तर पेनड्राइव्हही. माझ्यानंतर इथे येणाऱ्या, तुलाच ती सापडेल. जासईला बयाबाईंकडे जा. अभिरामची बॅग तिथेच आहे, माझीही —

दुसरा. तिसरा. काच कपाळात —

८६. वेग घसरलाय. चल ना, चल —

हात आत आला — ऐक, एकच — व्हिडिओ बघ, पण तक्त्यात फाईलचं नाव लिहू —