मार्चचे पान, मेचा अंक

सॅनिटोरियम, मोंटाना
बुधवार, ८ सप्टेंबर १९५४

ती. हाल्वरकाका व ती. सौ. राग्नाकाकू यांस, आर्विदचा शि. सा. न. वि. वि.

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे झाली आहेत. सक्तीच्या विश्रांतीची वेळ आहे, म्हणून व्हरांड्यातल्या खाटेवर पडूनच लिहीत आहे. अक्षर वाकडे आल्यास क्षमा असावी.

काकूने पाठवलेले खोके मिळाले. नेमबाजीच्या मासिकांचे सगळे जुने अंक सुखरूप आले. चांदमारीच्या मैदानावर पाय ठेवून वर्ष उलटले. इथे मोठ्याने खोकले तरी नर्स धावत येते, बंदुकीचा आवाज कुठला ऐकायला मिळणार? म्हणून अंकच पुन्हा पुन्हा वाचतो. शेजारच्या खाटेवरचा डेल म्हणतो, की इतक्या भक्तीने बायबल वाचले असते तर एव्हाना पाद्री झालो असतो.

अंक तारखेवार लावले. मार्च १९५१ च्या अंकातले एक पान कापलेले आहे. कड इतकी सरळ आहे, की ब्लेड काकांचेच असणार. त्या पानावर काय होते ते कळवावे. अंक अपुरा असला की मला चैन पडत नाही.

डॉक्टर छातीची शस्त्रक्रिया करायची म्हणतात. तारीख ठरलेली नाही. काकूने काळजी करू नये, माझी मी करतोच आहे.

आपला,
आर्विद


सोमवार, १३ सप्टेंबर

चि. आर्विद यास अ. उ. आ.

चोर मीच. ते पान कामाच्या बाकासमोर खिळ्याने ठोकले आहे. बंदुकीच्या त्या नव्या दारूचे माप त्यावर आहे, आपल्या गोळीमागे किती घालायची ते. तीन वर्षे नुसते बघत बसलो. दारूचा डबा हाती लागला तो यंदाच्या उन्हाळ्यात.

शनिवारी, १८ ला, शरदातला सामना आहे. त्यासाठी चाळीस काडतुसे भरून ठेवली. एकही उडवून पाहिलेले नाही, ही दारू फुकट घालवायला मी काही सावकार नाही. तुझी काकू म्हणते आधी एखादे उडवून बघा. मी तिला म्हटले, बाई, छापलेले माप आहे, माझ्या मनाचे थोडेच घालतोय? गेल्या वर्षी एंगेब्रेट जिंकला आणि ते बक्षीस अजून चर्चच्या दारात उभा राहून दाखवतो. यंदा त्याचे तोंड बघण्यासारखे होईल.

तू पडून राहा. दूध टाकत नाहीस ना?

तुझा,
हाल्वरकाका


शुक्रवार, १७ सप्टेंबर
सकाळचे आठ, तोंडात थर्मामीटर

ती. काका यांस सा. न.

तुमचे पत्र काल संध्याकाळी मिळाले. तेव्हापासून मार्चनंतरचे अंक ओळ न ओळ चाळले. मे महिन्याच्या अंकात, शेवटून दुसऱ्या पानावर, बुटांच्या जाहिरातीखाली एक लहान चौकट आहे. मार्चच्या तक्त्यातला आकडा छापताना चुकला, असे संपादक लिहितात. ते माप कोणीही वापरू नये, दारू फार जास्त होते, रायफल फुटू शकते.

काका, ते तेच पान आहे.

आपल्याकडे फोन नाही आणि मला खाट सोडायची परवानगी नाही. प्रुइट नर्सबाईंना हात जोडले. ड्यूटी संपली की गावात उतरून त्या तार करणार आहेत. रात्री तारघर बंद होईल का, तार उद्या सकाळी पोहोचेल का, दुकानातला माणूस ती लगेच आणून देईल का, हे सगळे मी त्यांना इतक्यांदा विचारले, की शेवटी त्यांनी मला पाणी पाजून गप्प बसवले.

तुम्ही नेम धरताना गाल दस्त्यावर दाबून धरता. उजवा डोळा काडतुसामागच्या बोल्टपासून चार बोटांवर असतो. डोळे मिटले की मला तेवढेच दिसते.

हे पत्र घरी पोहोचेल तेव्हा शनिवार होऊन गेलेला असेल. ते कोण उघडेल, याचा विचार करायचा नाही असे ठरवले आहे, आणि सकाळपासून तोच करतो आहे.

आर्विद


रविवार, १९ सप्टेंबर

चि. आर्विद यास आ.

तार मिळाली, वेळेवर मिळाली. सामना एंगेब्रेटने जिंकला. पान चुलीत घातले. काडतुसे आज-उद्या बसून उघडतो आणि दारू काढून टाकतो. तू उगाच जिवाला लावून घेतलेस, माझी रायफल म्हातारी असली तरी दणकट आहे. घरी सर्व ठीक.

हाल्वरकाका


रविवार, १९ सप्टेंबर

चि. आर्विद यास राग्नाकाकूचे अ. आ.

काकांच्या पत्रावर जाऊ नकोस. ते झोपलेत म्हणून हे लिहिते.

तार शनिवारी दहाला आली. दुकानातला माणूस टोपी काढून दारात उभा राहिला. सॅनिटोरियमच्या गावची तार. लार्सनबाईंना त्यांचा मुलगा गेल्याची अशीच आली होती. माझ्याने ती उघडवेना. हे गाडी घेऊन मैदानावर गेलेले. मी तशीच निघाले, रस्ता सोडून कुरणातून, ओढ्यातून. वर चढले तर थेट लक्ष्यांच्या पुढ्यातच.

लाल निशाण वर गेले. मैदानात माणूस दिसला की सगळ्यांनी बोल्ट उघडायचे, काडतूस काढायचे आणि मागे सरायचे, हे तुला माहीतच आहे. एंगेब्रेट माझ्यावर असा ओरडला, की चर्चमध्ये आता माझ्याकडे बघायची सोय नाही त्याला. तुझे काका उठून आले. पहिली फेरी त्यांनी जुन्या काडतुसांवर मारली होती. नव्यातले पहिले आत्ताच घातले होते, ते काढलेले त्यांच्या मुठीत होते.

मी तार पुढे केली. त्यांच्यानेही उघडवेना. एंगेब्रेटला दिली. त्याने वाचले, “नवी काडतुसे उडवू नका.” मी गवतात बसकण मारली. पोरगा जिवंत आहे, पोरगा जिवंत आहे, एवढेच म्हणत राहिले. त्यांच्या मुठीकडे कोणाचेच लक्ष नव्हते. मग त्यांनीच ती उघडली.

कालपासून शेडमध्ये गेलेले नाहीत. काडतुसे तशीच बाकावर आहेत.

एक ऐक. पुन्हा कधी तार करायची वेळ आली तर नर्सबाईंना सांग, सगळ्यात आधी “मुलगा बरा आहे” एवढे घालायचे. मग बाकीचे.

तुझी,
काकू


शुक्रवार, २४ सप्टेंबर
दुपारचे सव्वाचार

ती. काका व ती. काकू यांस, आर्विदचा शि. सा. न.

काकूचे पत्र सकाळी मिळाले. दोनदा वाचून उशीखाली ठेवले. काकांनी त्या काडतुसांना एकट्याने हात लावू नये. एंगेब्रेटना बोलवावे, आणि त्यांनी बक्षिसाची गोष्ट काढली तर ऐकून घ्यावी.

शस्त्रक्रिया ६ ऑक्टोबरला ठरली. त्या दिवशी तार येईल. काकूचे म्हणणे मी प्रुइट नर्सबाईंना सांगितले. त्यांनी माझ्या तक्त्यावर ते लिहून घेतले. मग म्हणाल्या, की ते शब्द खरे असतील तरच त्या घालतील, नाहीतर गाळतील. मी म्हटले, तसेच करावे. तेव्हा काकू, पहिल्या ओळीवरूनच तुला कळेल. पण तार घरातच उघडावी, आणि काकांनी जवळ असावे. ओढ्यातून चालत जाऊ नये.

लोभ आहे तो पुढेही राहो.

आपला,
आर्विद

ता. क. हिशेब: गेल्या शुक्रवारच्या तारेचे एक डॉलर पाच सेंट, नर्सबाईंचे देणे आहे. पुढच्या तारेतल्या त्या तीन जादा शब्दांचे पंधरा सेंट त्यांच्याकडे आगाऊ देऊन ठेवले आहेत.