उशाकडची कळी

॥ श्री ॥
वैशाख शुद्ध ३

चि. सौ. ठमीस काकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र पावताच हातातले काम टाक. परदेशी बोटीसाठी मी रंगवून धाडलेल्या बारा पलंगपोसांपैकी शेवटचा मंजिष्ठेच्या लाल काढ्यात बुडवू नकोस. प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात मी आरंभी हळदीच्या पाण्याने देवाचे नाव लिहितो; ते धुण्यात निघून जाते. त्या दिवशी ते तुरटीच्या पाण्याने लिहिले गेले, अशी शंका मला खाते आहे. तसे असेल, तर तुरटी लागली तिथे काढ्याचा रंग धरेल आणि नाव लालभडक उमटेल. नमुन्याबाहेरचा ठिपका दिसला तरी सगळा माल परत, असे दलालाने बजावले आहे. शिवाय परदेशी कुणी त्या नावावर पाय पसरील, ते पाप कुणाच्या माथी? कोपरा लिंबाच्या रसाने चोळ, तुरटी सुटेल. एरवी मी वाटी जिभेला लावून पारखतो. त्या दिवशी नेमका उपवास होता.

आमचा जीव तुझ्यापाशी आहे, हे जाणून असावे.
काका

वैशाख शुद्ध ६

ती. काकांस शिरसाष्टांग नमस्कार. पत्र आले तेव्हा तोच पलंगपोस उकळून निघाला होता. गठ्ठ्यात वर होता ना! अक्षर सुरेख उमटले आहे, यात वाद नाही. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या काकांनी खलाशांनाही नामस्मरणाला लावले.

नावाच्या रेघा मी पाकळ्यांत मिळवून कळी केली. उरलेल्या अकरांवर तुरटीने तशीच कळी काढली, मग ते बुडवले. दलालाने भुवया चढवून नमुना चारदा फिरवला. शेवटी म्हणाला, बाराही सारखे आहेत, राहू दे. पुढच्या चाळीसांतही कळी हवी. ती उशाकडे येते, पायाकडे नाही, हे त्याच्याकडून वदवून घेतले.

पण काका, हळद पिवळी. तुरटीच्या पाण्यात तर रेघ दिसावी म्हणून आपण तांबडा रंग घालतो. ते ओळखायला जीभ कशाला लागते? कधीपासून?

इकडे या. वाट्या मी मांडीन. उजवीकडे तुरटी, डावीकडे हळद. उत्तर धाडू नका, स्वतःच या. माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.
ठमी

वैशाख शुद्ध ९

चि. सौ. ठमीस आशीर्वाद. दोन वर्षांपासून रेघ दिसते, रंग कळत नाही. तुझ्या काकूलाही सांगितले नव्हते. हे पत्र मी सांगतो आहे, ती लिहिते आहे, आणि दर ओळीला रागावते आहे. ज्या हाताने देवाचे नाव लिहिले, त्याच हाताने सत्य झाकत आलो, ही टोचणी स्वस्थ बसू देत नाही. उद्याच्या होडीने निघतो. कुंचले बांधले आहेत.

उजवीकडे तुरटी, हे ध्यानी ठेवले आहे. तरी पहिल्या दिवशी चाखून पाहीन.
काका