सळईचं टोक

कर्जत, ता. २ मे १९४४

विष्णुपंत,

नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं म्हणतात. म्हणून आज मुद्दाम घेतलं.

रविवारी कोल्हारला तुमचं दुसरं लग्न, आणि आपल्या नव्या गच्चीवर साठ पानांची पंगत, असं कळलं. त्या गच्चीच्या स्लॅबमध्ये लोखंड नाही. लढाईमुळे परमिटशिवाय ते मिळत नव्हतं. तुम्ही नगरला गेलात त्या दिवशी कंत्राटदारानं नुसतं काँक्रीट ओतलं आणि कडेनं वीत-वीतभर सळया खोचल्या. बाहेर आलेली टोकं मोजून तुम्ही खूष झालात. मी सांगायला आले, तर गवंड्यांसमोर हसलात. "तू चुलीकडे बघ," म्हणालात.

पुढं मी त्यातल्या एका टोकाला धुण्याची दोरी बांधली, तर सळई अख्खी हातात आली. ती दाखवायच्या आतच तुम्ही वांझ म्हणून मला माहेरी धाडलंत.

आमचा सुमंतदादा बांधकाम खात्यात ओव्हरसियर आहे. तो म्हणतो, नुसतं काँक्रीट दाब कितीही सोसतं, पण वर भार आला की स्लॅब खालून ताणला जातो. तो ताण सळई घेते. सळई नसली की एकदम तुटतं. मी वर फक्त पापड वाळवले, म्हणून टिकलं.

नवरीला तरी भिंतीलगत बसवा, असं कळवावंसं वाटलं होतं. पण ती तुमच्याच शेजारी बसणार.

तीच सळई या पत्रावर ठेवली आहे. वाऱ्यानं उडून ते चुकून टपालात पडायला नको.

तूर्त सौभाग्यवती,
दमयंती