फोनमधलं मशीन

४ सप्टेंबर, बुधवार

पोचले. बॅग अजून उघडली नाही. उघडली की घरचा वास उडून जाईल, असं काहीतरी डोक्यात बसलंय.

निघताना आईने माझ्याकडे धड बघितलंसुद्धा नाही. सासरची आवराआवर करून शेवटचे दोन दिवस तिच्याकडे राहिले होते. फाटकाशी दोन गाड्या उभ्या होत्या — एक माझी, एक समोरच्यांच्या पाहुण्यांची. आई हात हलवत होती ती त्या पाहुण्यांच्या गाडीकडे तोंड करून. मुद्दामच. माझ्याकडे बघितलं असतं तर रडू फुटलं असतं, आणि रडणं तिला चालत नाही. मी काच खाली करून 'आई, इकडे' म्हणेपर्यंत गाडी वळली.

तेवढंच घेऊन इतक्या लांब आले.

५ सप्टेंबर, गुरुवार

ह्यांनी वर्षभर एकट्याने मांडलेला संसार बघितला. एक खोली, एक ओटा, एक पातेलं. पातेल्याला झाकण नाही. 'झाकण कशाला लागतं?' म्हणाले. कपाळाला हात लावला. खिडकीला पडदा नव्हता, तिथे पिवळी चादर चिमट्यांनी अडकवली. खिडकी चार बोटं उघडते आणि अडते. समोर अशीच इमारत, तिलाही अशाच खिडक्या.

हे कामावर गेले की मी आणि ती चादर. हे वायरमन, मोठमोठ्या इमारतींत दिवसभर तारा ओढतात. मी खाली जाऊन दुकानांच्या पाट्या अंगठाबहाद्दरासारखी बघून आले. एक अक्षर लागलं नाही.

आईला फोन केला. व्हिडिओ लावला की आईच्या जागी पंखा दिसतो. 'आई, फोन सरळ धर.' 'अगं, हात कामात आहेत.' मागे मशीन चालू. तो आवाज ऐकला आणि जीव भांड्यात पडला. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते. ब्लाउज शिवून शिवून तिने मला वाढवलं, आणि माझे पाय पायडलला पुरायला लागल्यावर मलाही शिकवलं. माझे इकडे यायचे कागद झाले तेव्हा मीच अडून बसले होते, तुला एकटीला टाकून कशी जाऊ म्हणून. तर म्हणाली, 'माझं मशीन आहे, गिऱ्हाइकं आहेत, मी काय रिकामी बसलेय? तू नवऱ्याजवळ जा.'

मोतीबिंदूचं विचारलं. 'पिकू दे की जरा' म्हणाली. हे वाक्य मी वर्षभर ऐकतेय.

७ सप्टेंबर, शनिवार

आज परक्याच्या घरात शिरत होते! भाजी घेऊन आले, जिना चढले, किल्ली लावली. लागेना. जोर लावला. आतून एका म्हाताऱ्याने दार उघडलं. मजला तोच, दार तेच, पायपुसणंसुद्धा तसंच — इमारत दुसरी. मी हात जोडले. त्याने बोटाने समोरची इमारत दाखवली, वैतागला नाही. रोज कोणीतरी येत असावं.

आपल्या जिन्यात पोचले आणि पायरीवर बसून रडले. किल्ली बरोबर लागली तरी ते घर आपलं वाटेल का, एवढंच मनात आलं होतं.

८ सप्टेंबर, रविवार

आईला व्हिडिओवर घर दाखवलं. ओटा दाखवला, खिडकी दाखवली. 'पडद्याचा रंग छान आहे ग,' म्हणाली. पडदा कुठला? चादरही आज धुवायला टाकली होती, खिडकी बोडकी होती. माझं मन राखायला काहीही बोलते.

१० सप्टेंबर, मंगळवार

काम मिळालं. कपडे धुण्याचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत कपडे लहानमोठे करून देतात. मालकीणबाईंच्या गळ्यात चष्मा साखळीला बांधलेला. सगळ्या खुणांनी सांगतात आणि खूण कळली नाही की तीच खूण मोठ्ठी करून सांगतात. इस्त्रीवर एक आजोबा आहेत, ते बोलतच नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी माझं उत्तम जमतं.

मला मशीन दिलं नाही. उसवायला बसवलं. दिवसभर दुसऱ्यांच्या शिलाया उसवल्या. माझ्या आईने शिकवलेल्या हातांनी!

आईला मात्र तिथूनच, उसवता उसवता फोन करून सांगितलं की मशीनवर बसवलंय. 'हात सरळ आहे ना?' विचारलं तिने. मागे तिचं मशीन चालूच. दोघी मायलेकी एका वेळी कामाला, असं वाटून ती खूश झाली असेल.

१२ सप्टेंबर, गुरुवार

मावशीचा फोन, नणंदेचा फोन, आईच्या शेजारच्या मामीचा निरोप. सगळ्यांचा एकच प्रश्न — कधी येणार? आई सोडून. आईने एकदाही विचारलं नाही. मी विषय काढला की 'तिकडेच लक्ष दे, येण्याचं काय इतक्यात?' मुलगी मार्गी लागली, आपण सुटलो, असं वाटत असेल का तिला? फार लागलं मला. लिहिते आहे आणि लाजही वाटते आहे, पण लागलं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार



मालकीणबाईंनी आज एका मशीनला तेल घातलं. तेल घातल्यावर मशीन थोडा वेळ रिकामंच चालवतात, दोरा नाही, कापड नाही, म्हणजे तेल सगळीकडे पोचतं. मी मान खाली घालून उसवत होते. तो आवाज आला आणि एकदम घरी असल्यासारखं वाटलं. डोळे मिटून ऐकलं. इथलं मशीन विजेचं, आईचं पायाचं, तरी ती पोकळ खुळखुळ तीच. रोज फोनमध्ये येते ती.

मग हातातलं कापड खाली पडलं.

शिवतानाचा आवाज असा नसतो. सुई कापडातून जाते तेव्हा आवाज जड येतो. आणि तो सलग नसतो. ब्लाउजात सरळ शिलाई असते कुठे? मुंढा वळतो, कटोरी वळते, गळा वळतो. वीतभर शिवलं की थांबायचं, कापड फिरवायचं, दोरा तोडायचा. आईचं मशीन माझ्याशी बोलताना एकदाही थांबलेलं नाही.

कामावरून आले तशी चप्पल न काढता फोन केला. ऐकत राहिले.

'काय ग, बोलत का नाहीस?'

'ऐकतेय.'

'काय ऐकतेस? मी शिवतेय नुसती.'

सरळ चाललं होतं. न थांबता.

१५ सप्टेंबर, रविवार

काल ह्यांना विचारायचा धीर झाला नाही. आज विचारलं. हे नेमके बाजारातून पातेल्याचं झाकण घेऊन आले होते. ते हातात धरून उभेच राहिले.

'तुझ्या आईंना मोतीबिंदू नाही,' म्हणाले. 'काचबिंदू आहे. एक डोळा पूर्ण गेलाय. दुसऱ्याने उजेड कळतो, कोणी हललं तर कळतं, तेवढंच. मी सुट्टीवर आलो होतो तेव्हा मीच डॉक्टरकडे नेलं होतं. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले ते.'

'आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?'

'आईंनी शपथ घातली.'

'कोणाची?'

'तुझी. म्हणाल्या, तिला कळलं तर ती माझी काठी होऊन बसेल. जन्मभर.'

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारी ऐकत असतील तर भाषा येत नाही त्यांना, हे एक बरं. शेवटी बॅग भरायला घेतली, तर ती अजून पुरती रिकामीच केली नव्हती. हे म्हणाले, 'जायचं तर जा. मी सोडायला येतो.' भांडले असते तर बरं झालं असतं. ह्या माणसाने वर्षभर एका पातेल्यात शिजवून खाल्लं, मी येणार म्हणून. आणि आता सोडायला येतो म्हणतो.

निघण्याआधीच्या त्या दोन दिवसांत आईने माझं माप घेतलं होतं. टेप न घेता, वितीने. खांदा, पाठ, दंड सगळं चाचपून चाचपून. 'आता टेपपण विकलीस का?' म्हणून मी चेष्टा केली होती. ती हसली होती.

आणि ती गाडी. तिला आवाजावरून वाटलं असेल की मी त्या गाडीत आहे. मुद्दाम नव्हतं ते. ती मला निरोप देत होती.

१६ सप्टेंबर, सोमवार

कामावर गेले नाही. मामीला फोन केला. आधी तिने उडवाउडवी केली, मग तिचाच बांध फुटला.

'अगं, स्वयंपाक मीच करून देते. ओळखीच्या घरात फिरते ती हाताने, तेवढं जमतं. शिवणं कधीच बंद झालं. दिवसभर खाटेवर बसून असते बघ. पण तुझ्या फोनच्या आधी उठते. तोंड धुते, केस विंचरते. मला विचारते, टिकली मधोमध आहे ना? साडी बरी आहे ना? आणि मशीनवर जाऊन बसते. फोन वाजला की पाय मारायला सुरुवात.'

टिकली मधोमध आहे ना. आणि मला रोज पंखा दिसायचा. मी वैतागायचे!

'तू काही बोलू नकोस बाई,' मामी म्हणाली. 'तू येऊन दारात उभी राहिलीस तर ती हाय खाईल, माझ्यापायी लेकीचा संसार मोडला म्हणून. आणि मी सांगितलं हेही सांगू नकोस.'

म्हणजे सगळ्यांनी मिळून मला इथे पाठवलं आणि सगळ्यांनी मिळून मला इथेच ठेवायचंय. मी मात्र सगळ्यांवर चिडायचं नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

बॅग दाराशीच आहे. ह्यांनी ती ओलांडून कामावर जायला सुरुवात केली. 

१८ सप्टेंबर, बुधवार

दिवसभर उसवता उसवता ठरवलं होतं — विचारायचं नाही, रडायचं नाही. फक्त बोलायचं.

'आई, काय शिवतेस?'

'अगं, एक लग्नाचा आहे. राणी रंगाचा. पाठीला नाड्या पाहिजेत म्हणे, आणि वर लोंबते गोंडे. आजकालच्या पोरींचं काही खरं नाही.'

किती बारकाईने सांगत होती. रंग, गोंडे, अस्तर. तिला तो दिसत असणार. खाली मशीन खुळखुळत होतं, एकसारखं.

माझ्या तोंडून निघून गेलं, 'माझा पण एक शिव ना. कपाटात माझं जांभळं कापड राहिलंय.'

मशीन थांबलं. मी इथे आल्यापासून पहिल्यांदा.

'तुला कशाला?' म्हणाली. 'तिकडे कुठे घालणार?'

'घालीन. तुझ्याच हातचा पाहिजे.'

'आणि माप?'

'तुझ्या बोटांत आहे ते. घेतलंस ना परवा.'

 फोन कुठेतरी आपटल्याचा आवाज आला आणि बंद झाला.

मी काय करून बसले हे?

२० सप्टेंबर, शुक्रवार

मशीन बंद. कालही बंद, आजही. 'गिऱ्हाईक नाही ग सध्या,' एवढंच. जेवलीस का, जेवले. झोप लागते का, लागते. मग तिच्याकडच्या पंख्याचा आवाज ऐकत बसते मी.

तिला एक सोंग होतं, त्याच्या आधाराने उठत होती, टिकली लावत होती. ते मी काढून घेतलं. शहाणपणा करायला गेले. मामीने बजावून सांगितलं होतं.

कामावर एका कोटाची शिलाई उसवताना कापडच फाडलं. मालकीणबाई आल्या, कोट बघितला, माझं तोंड बघितलं, आणि कोट घेऊन स्वतः बसल्या. इस्त्रीवाल्या आजोबांनी चहा आणून ठेवला. त्या चहात माझे डोळे गळत होते. संध्याकाळी हे आले. मी ह्यांच्या शर्टात तोंड घालून रडले. पाच दिवसांचं भांडण तिथेच संपलं, कारण भांडायलाही दम लागतो.

हे हळूच म्हणाले, 'त्यांना इथे आणता येईल का बघतो.' आई यायची नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

२२ सप्टेंबर, रविवार

आज फोन लागला आणि मशीनचा आवाज आला. जड. थोडं चाललं, थांबलं. कापड फिरवल्याची सळसळ. पुन्हा थोडं, पुन्हा थांबलं. मी ओट्याला धरून उभी राहिले.

'सुई मामीने ओवून दिली,' आई म्हणाली. आवाज अगदी साधा. 'बाकी हाताला येतं. शिलाई जराशी तिरकी जातेय, ती तू तिथे उसवून सरळ कर. उसवायलाच बसवलंय ना तुला? मशीनवर असतीस तर तुझं बोलणं एवढं सलग नसतं आलं.'

मी फोन कानाला घट्ट लावला.

'बाह्या झाल्या, पाठ झाली. गळा तेवढा ठेवलाय. तो मला आता तू समोर उभी राहिल्याशिवाय कापता यायचा नाही.' मशीन थांबवलं तिने.

'कधी येतेस?'