बुधवारची वेळ

प्रिय खडूस,

फोन बंद, निरोप वाचायचे नाहीत, दारावरची बेल वाजली तर ताईला पुढे करायचं. मग शेवटी कागद-पेन घेतलं. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलंस की तू वाचणार. लिफ्टच्या यंत्रावर चिकटवलेल्या सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस तू! ताई म्हणाली की तू कामावर जातोस, परत येतोस, चार घास पोटात ढकलतोस आणि दार लावून घेतोस. मला तुझी काळजी वाटते. आडून आडून लिहिणं मला जमत नाही आणि लिहिलं तरी तुला कळत नाही, म्हणून सरळच सांगितलं.

आता माझी बातमी ऐक. दुकानात मी पुढे आले आहे. इतकी वर्षं मागच्या खोलीत चष्म्याची भिंगं घासत बसायचे आणि गिऱ्हाइकाची चाहूल लागली की पाठ फिरवायचे, हे तू पाहिलं आहेस. माझा आवाज ऐकला की लोक वर बघतात, या एका धास्तीपायी माझ्यासारखी बडबडी बाई दिवसभर मूग गिळून बसायची. आता डोळे तपासायच्या खोलीत मी असते. माणसाच्या नाकावर ती जड चौकट ठेवायची, एकेक भिंग बदलायचं आणि विचारायचं, हे बरं की आधीचं बरं? दिवा मालवलेला असतो, त्यामुळे सगळा कारभार आवाजावरच. परवा एक निवृत्त मास्तर आले आणि मालकीणबाईंना म्हणाले की त्या घाई न करणाऱ्या बाई असतील तरच थांबतो. मी भिंगांची पेटी आवरायच्या निमित्ताने खाली वाकले, कारण हसू काही केल्या आवरेना. मला माझा फार अभिमान वाटला रे.

हे आपोआप झालेलं नाही. तू त्या मनाच्या डॉक्टरकडे गेलास त्या दिवशी मी खाली रस्त्यावर उभी होते. मोठ्या हिमतीने तू त्याला सांगितलंस की सगळे मुलगी समजत असले तरी मी मुलगा आहे, आणि त्या शहाण्याने तुला न विचारता बाहेर बसलेल्या तुझ्या आईला आत बोलावलं आणि तुझ्या देखत तिला सगळं सांगून टाकलं. तू खाली आलास, माझ्याकडे बघितलंही नाहीस, पूल ओलांडेपर्यंत चालत राहिलास. मी मागे. पुलाच्या टोकाशी थांबून एवढंच म्हणालास की पुन्हा कुणासमोर तोंड उघडणार नाही. नंतर तुझ्या घरी काय काय झालं ते तुला माहीत आहे, मी कशाला लिहू. पण त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. आपलं ऐकून घेणारं कुणीतरी असेलच की. सगळेच कसे तसले असतील?

मग मी शोधायला लागले. पहिला थेरपिस्ट सज्जन होता, त्याच्या बाहेरच्या खोलीत माशांची पेटीसुद्धा होती. पण त्याला आपल्यासारख्या माणसांबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. शरीर, कपडे, औषधं, सगळं तो विचारत बसला आणि मी समजावत बसले. शिकवणी मी घेतली आणि फीही मीच भरली. दुसरी बाई बोलायला साखर. म्हणाली, आधी तुमची उदासी घालवू, मग हा बाईपणाचा विषय बहुतेक उरणारच नाही. वर दोनदा माझं जुनं नाव घेतलं. मी पर्स उचलली आणि उठले. घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू. पण रडता रडता राग आला. दुकानात कुणाला काय दिसतं हे मी कधी सांगते का? मी विचारते, आणि तो सांगेल ते खरं मानते. मग मला काय दिसतं हे ही बाई परस्पर कशी ठरवणार?

तेव्हापासून आधी फोनवरच पारखून घ्यायचं ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीतून फोन करायचे. आमच्यासारख्यांबरोबर काम केलं आहे का, मी कोण आहे ते माझ्याकडून ऐकून घ्याल का, असं तोंडावर विचारायचे. कुणी फोन ठेवला, कुणी भलत्याच दवाखान्याचं नाव दिलं. एकदा माझा आवाज यंत्राच्या घरघरीत बुडायला लागला, तर मालकीणबाई आल्या, यंत्र बंद केलं आणि दार ओढून घेऊन गेल्या. ती बाई असं काही करेल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्याच दिवशी फोनवर एक घोगऱ्या आवाजाची बाई भेटली. माझे प्रश्न तिने शांतपणे ऐकले. म्हणाली, "तुमच्यासारखे काहीजण माझ्याकडे येतात, पण तुम्हाला मी अजून ओळखत नाही. माझं कुठे चुकलं तर सांगाल का?" मी तिथल्या तिथे वेळ ठरवून टाकली. तिची खोली दुसऱ्या मजल्यावर, साधीच, दोन खुर्च्या आणि एक कुरकुरणारी खिडकी. एकदा मला शस्त्रक्रिया हवीच असणार असं तिने धरून चाललं. मी थांबवलं, तशी ती चटकन म्हणाली, चुकलं माझं, मी विचारायला हवं होतं. झालं, पुढे चालू. आणि गंमत म्हणजे, तिथे मी काही रोज बाईपणाबद्दलच बोलत नव्हते. एक अख्खी भेट मी मालकीणबाईंशी झालेल्या भांडणावर घालवली. कितीतरी भेटी बाबांवर गेल्या, ते गेले तेव्हा मला आत येऊ दिलं नव्हतं त्यावर. आवाजावर तर केवढ्या! पुढे येऊन उभं राहायचं ते मीच ठरवलं. तिने फक्त विचारलं की पहिल्या दिवशी कुठलं गिऱ्हाईक आलेलं आवडेल.

आता पत्र का लिहिलं ते. मागच्या बुधवारी आम्ही दोघींनी ठरवलं की मी दर आठवड्याला यायची गरज नाही, लागेल तेव्हा यावं. म्हणजे माझी बुधवार संध्याकाळची वेळ रिकामी झाली. तिच्याकडे नव्या माणसाला महिनोन् महिने जागा मिळत नाही. मी विचारलं, माझ्या मित्राला देता येईल का? म्हणाली, वेळ कुणी कुणाला भेट देत नसतं, पण महिनाअखेरपर्यंत ती धरून ठेवते, फोन मात्र त्याने स्वतः करायचा. तुझी काहीच हकीकत मी तिला सांगितलेली नाही, ती तुझी आहे. फक्त एक गोष्ट विचारली, त्याच्या घरचं कुणी आलं तर तुम्ही आत घ्याल का? ती म्हणाली, "ती खोली त्याची. आत कोण येणार आणि बाहेर काय जाणार, ते तो ठरवेल." नंबर पाठीमागे लिहिला आहे. तुला वाटतं तू त्या डॉक्टरकडे जाऊन हरलास. अरे, आपल्या सगळ्यांत अशा खोलीचं दार पहिल्यांदा तू वाजवलंस, एकट्याने. तू गेला नसतास तर मी आजही पाठ फिरवून भिंगं घासत बसले असते. मला स्वतःचा अभिमान वाटतो हे वर लिहिलंच आहे, पण त्याहून जास्त तुझा वाटतो, आणि ही वेळ दुसऱ्या कुणासाठी मागावी असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

तुझीच, कितीही दारं लावलीस तरी,
बडबडी