शिवानीचं उत्तर

नागसेनदादास अंबरपेठेहून सखूचा जय भीम.

आम्ही बरे आहोत. वहिनीचा गुडघा कसाय?

रविवारी पाहुणे यायचेत आणि शिवानी तू आणलेल्या स्थळाला हो म्हणेना, नाही म्हणेना. "बघू, कसं पॅन आउट होतंय!" एवढंच. परेशान केलंय पोरीनं. अर्थ विचारला तर म्हणते, सोनं शोधणारे गोरे पॅनमध्ये, म्हणजे पसरट भांड्यात, नदीची वाळू धुवायचे. शेवटी तळाला काय उरतं, ते खरं.

मी खेकसले, "ते वाळूत हात तरी घालायचे! तू नुसती बसलीस."

"मग घालू दे की, मम्मी. तुम्ही नुसता फोटो दाखवलाय."

पटलं मला. पाहुण्यांना थांबव, मुलाचा नंबर धाड. आधी दोघं बोलू देत. तुला शब्द फिरवावा लागेल, रागावू नको.

तुझी बहीण,
सखू